मिटाबाई

माझं आणि माझ्या नणंदेचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्या बाजूने चार शब्द बोलले, तर कोणी त्याला माया म्हणायला नको.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वन्सं खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. नवी नवरी दारात उभी, हातात बॅग, आणि यांचं देवाशी बोलणं चाललेलं. नवरा हळूच म्हणाला, "दोन मिनिटं थांब." मी थांबले. तेव्हापासून त्या दोन मिनिटांसाठी या घरात सगळं थांबत आलं आहे. दारावरचा माणूस बेल वाजवून वाजवून परत जातो. दूध उतू जातं. माझं शिवणयंत्रही थांबतं, कारण त्याच्या खडखडाटाने वन्संचं लक्ष उडतं. मी घरी कपडे शिवून चार पैसे मिळवते, पण ते काम, आणि त्यांची ती साधना. नवऱ्याकडे तक्रार न्यावी तर त्याला नेमकी तेव्हाच आंघोळ आठवते.

माझं देवाशी भांडण नाही. ओळखच नाही, तर भांडण कुठलं.

वन्सं शाळेत गणित शिकवायच्या, पण शाळेत त्यांचं नाव होतं ते प्रार्थनेसाठी. सकाळी सगळी शाळा मैदानात रांगेने उभी राहिली की वन्सं ओट्यावर चढायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा." मग एकेका रांगेवरून नजर फिरवायच्या. कोणी एक डोळा किलकिला करून बघत असलं तर त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर खडसावायच्या. सगळे डोळे मिटले याची खात्री झाली की शेवटी आपले मिटायच्या. पोरांनी त्यांना मिटाबाई नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

गेटवरच्या शिपायालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो बिचारा प्रार्थनेच्या वेळी रस्त्याकडे तोंड करून उभा असायचा. एक दिवस त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देवापुढे पहारा कसला करतोस? तूही मिट." हा किस्सा त्यांनी घरी येऊन जेवताना आम्हाला सांगितला होता, हसत हसत. मी म्हटलं होतं, "वन्सं, त्याला पगार बघण्याचा मिळतो." त्यांनी नाक मुरडलं आणि ताट घेऊन उठल्या. तेव्हापासून शिपाईही डोळे मिटायला लागला.

सहावीत एक मुलगी होती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र वन्सं हरल्या होत्या. त्या मुलीचा गणवेश मी शिवलेला. मापाला उभी केली की नुसती चुळबुळ. मशीनच्या खाली काय आहे, तो डबा कसला, कात्री डावीकडेच का ठेवता. टेप तिच्या खांद्यावर टेकवेपर्यंत तिने मान तीनदा फिरवलेली असायची. तिची आई बाहेरच्या बाकावर बसून म्हणायची, "बाई, हिला खिळे ठोका." प्रार्थनेत तर ही मुलगी डोळे मिटायचीच नाही. शेवटी वन्संनी तिला सगळ्यांच्या पुढे, ओट्याच्या पायरीला लागून उभं केलं, नजरेखाली राहावी म्हणून.

मग एका सकाळी, प्रार्थना चालू असताना, पूर्वी शाळेतून काढून टाकलेला एक जुना विद्यार्थी गेटमधून आत आला. शर्टाखाली सुरा होता. त्याचा राग हेडमास्तरांवर होता आणि हेडमास्तर रोज प्रार्थनेला ओट्यावर उभे असतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी हेडमास्तर आत ऑफिसात फोनवर होते. तो रांगांच्या मधून सरळ चालत पुढे आला. कोणी अडवलं नाही, कारण कोणी बघतच नव्हतं. शिपायानेही डोळे मिटले होते. ओट्यावर हेडमास्तर दिसले नाहीत, तेव्हा जे समोर होतं त्याच्यावर त्याने सुरा चालवला. खेळाच्या मास्तरांनी धावत जाऊन त्याला आडवा पाडला, तोवर दोन मुलं जखमी झाली होती आणि ती सहावीतली मुलगी पायरीवर पडली होती. ती दवाखान्यातही पोचली नाही.

पोलिसांनी म्हणे बरीच चौकशी केली, की याने नेमकी प्रार्थनेची वेळ का निवडली. त्यात चौकशी करण्यासारखं काय होतं? तोही इथेच शिकलेला. त्यालाही वन्संनीच डोळे मिटायला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून वन्संचे डोळे मिटेनात. मी झोपेबद्दल बोलत नाही, झोप तर कोणालाच नव्हती. सकाळी त्या सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, हात मांडीवर ठेवत, पापण्या खाली आणत आणि दचकून दाराकडे बघत. पुन्हा बसत, पुन्हा दचकत. चेहरा धुताना साबण डोळ्यांत जाई तरी उघडेच. आयुष्यभर एवढी एकच गोष्ट या बाईने स्वतःसाठी ठेवली होती. ना संसार, ना मूल, ना कुठली हौस. ती प्रार्थना गेली तर या बाईजवळ काही उरणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. आणि मी, जिने त्या दोन मिनिटांना इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती मशीन बंद करून वाट बघत बसायला लागले, की मिटताहेत का.

भेटायला येणाऱ्यांनी तर वात आणला. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच म्हणायचा, "देवाने तुम्हाला वाचवलं हो." शेजारची एक बाई हे तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणायला तिने तोंड उघडलं तेव्हा मी विचारलं, "आणि त्या पोरीला कोणी मारलं मग? देव त्या बाजूला बघत नव्हता का?" ती बाई चहा न घेता गेली. बरं झालं, साखर वाचली.

वन्सं माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"तिने बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"त्या मुलीने. मान वळवून बघितलं. मला म्हणाली, 'बाई, कोणीतरी येतंय.' माझे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, 'गप्प. डोळे मिट.'" मी गॅस बंद केला. "आणि आजवर कधी ऐकलं नाही त्या पोरीने, त्या दिवशी ऐकलं. मी डोळे उघडले तेव्हा तिचे मिटलेले होते."

माझी जीभ या घरात कधी अडखळलेली नाही, त्या दिवशी अडखळली.

शाळा पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तर घरी आले. घडी घातलेला रुमाल, दर वाक्याला तो कपाळावर टेकवत होते. म्हणाले, "बाई, उद्या प्रार्थना तुम्हीच घ्यायची. पालक येणार आहेत, मुलीची आईही येणार आहे. दोन शब्द बोला. लेकरू देवाचं नाव घेताना गेलं, काही न बघता, काही न कळता. याहून पवित्र मरण नाही. तिच्या आईला तेवढाच आधार."

"पवित्र?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं. नवरा आंघोळीला गेला.

"शिपायाचं काय?" वन्संनी विचारलं.

"त्याला काढलंय. गेट त्याच्या ताब्यात होतं, तो डोळे मिटून उभा होता. बेजबाबदारपणा. आपण सगळे प्रार्थनेत होतो, आपला काय दोष?"

"तुम्ही फोनवर होता," मी म्हटलं. त्यांनी रुमाल खिशात घातला.

ते गेल्यावर मी वन्संना स्पष्ट सांगितलं. प्रार्थना घ्या, खाली उतरा, घरी या. त्या मुलीने बघितलं होतं हे तिच्या आईला कळून काय मिळणार आहे? पोर काही न कळता गेली, एवढंच तर त्या बाईच्या हातात उरलंय. "खरं बोलायची हौस फिटेल तुमची, आणि ती मात्र जन्मभर जळेल."

"देवाच्या नावावर खोटं खपवायचं?" त्या म्हणाल्या. "मग मी कोणापुढे डोळे मिटायचे?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण गेले. मैदानाच्या कडेने पालक उभे होते, हाताची घडी घालून, जबडे आवळून. पायरी धुऊन काढली होती, आणि धुतल्यामुळेच ती बाकीच्यांपेक्षा उजळ दिसत होती. मुलं तिच्यापासून लांब उभी होती. मुलीची आई पुढे खुर्चीवर बसलेली. तिच्या शेजारच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं.

वन्सं ओट्यावर चढल्या. सगळ्या शाळेने सवयीने माना खाली घातल्या. "डोळे मिटू नका," त्या म्हणाल्या. आवाज चिरका होता. मग त्यांनी सांगितलं. "शिपायाला डोळे मिटायला मी लावलं, त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा." आणि मग आईकडे बघून, "तुमच्या मुलीने त्याला येताना बघितलं होतं. तिने मला सांगितलं. मी तिला गप्प केलं."

हेडमास्तर माइककडे धावले. आता फोन नव्हता ना हातात.

आई उठली. मला वाटलं, ती हात उचलेल, आणि मी पुढे सरकले. तिने हात उचलला नाही. ओट्याच्या पायरीशी येऊन ती उभी राहिली, नेमकी तिथेच.

"म्हणजे तिला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तिने बघितलं. तुम्ही का नाही बघितलंत?"

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या.

"आता बघत बसा," आई म्हणाली. "तुमच्या डोळ्याला डोळा लागू नये कधी." आणि ती गेटकडे चालायला लागली. पालकांमधून कोणीतरी शिवी घातली. ती माझ्या कानापर्यंत नीट पोचली, घालणाऱ्याचं तोंडही मी बघून ठेवलंय.

शिपायाला परत घेतलं. वन्संना चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलं. शाळेच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने लिहिलं, 'मिटाबाई, आता तरी उघडा.' शेजारची ती बाई जिन्यात भेटली तर म्हणाली, "गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं हो?" अगदी हेच मीही म्हणाले होते. तिच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी वन्सं खुर्चीत बसून असत, डोळे उघडे, लाल. त्या आईचा शब्द त्यांनी शिक्षा म्हणून घेतला होता. मी म्हटलं, "तिने रागात म्हटलं." त्या म्हणाल्या, "तिचा हक्क आहे." असेलही. आईचा हक्क मी नाकारत नाही. पण माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत एक बाई वाळत चालली होती, आणि तिच्या त्या देवाला त्याचं काही नव्हतं. मला वन्संचा राग, त्या आईचा राग, हेडमास्तरांचा, भिंतीवर लिहिणाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त त्याचा राग आला, ज्याच्यासाठी माझं दूध इतकी वर्षं उतू गेलं होतं.

एका सकाळी मी मशीन बंद केलं. माझं स्टूल उचललं, वन्संच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बसले.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"मिटा डोळे."

"अगं..."

"मी बघते. कोणी आलं तर सांगते."

मग त्या म्हणाल्या, "आणि मी तुला गप्प म्हटलं तर?"

"इतक्या वर्षांत मी कधी गप्प बसलेय का तुमच्या सांगण्यावरून?"

माझ्या मागे खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही. जरा वेळाने त्यांचा तो जुना, लांब श्वास ऐकू आला. या घरात आले त्या दिवशी दारात उभी राहून ऐकला होता, तोच. मध्येच घाबरून त्यांनी विचारलं, "आहेस ना?"

"आहे. तुम्ही तुमचं करा."

गॅसवर दूध होतं. ते वर येतंय हे मला आवाजावरून कळलं, उतू गेल्याचंही कळलं. मी दारावरची नजर हलवली नाही.