वांझ फुलांची भजी

भोपळ्याच्या फुलांची भजी मी आजही खात नाही. कुणी फार आग्रह केला तर पानावरून उठते.

नागावला आमच्या वाडीत विहिरीच्या कडेला लाल भोपळ्याचा वेल होता. त्याला दोन तऱ्हेची फुलं येत. काहींच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा असे, काही नुसतीच लांब देठाची. या दुसऱ्यांना आई वांझ फुलं म्हणायची आणि रोज सकाळी सगळी खुडून बेसनात तळायची. दादाला ती भजी फार आवडत. मागे राहिलेले इवलेसे भोपळे मात्र पिवळे पडून गळायचे आणि त्याचं खापर वहिनीच्या डोक्यावर फुटायचं. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही, तिचाच हात लागला म्हणून वेल नासला. तिला वेलाकडे जायची बंदी झाली.

त्या साली शाळेत फुलाचा धडा झाला. घरी येऊन मी आईला सांगितलं, "ती वांझ न्हायत, नर हायत. त्यांचे पराग दुसऱ्या फुलांत पडले न्हाय तर भोपळा धरेल कसा?"

"शाळेत हेच शिकवतात व्हय पोरींना?" आई म्हणाली.

मी हट्टाला पेटले. फुलं खुडू दिली नाहीत. वहिनीला हाताला धरून वेलापाशी नेलं आणि तिच्याच हातानं नर फुलं भोपळेवाल्या फुलांना टेकवायला लावली. चार भोपळे चांगले धरले. आता तरी घराचे डोळे उघडतील असं मला वाटलं.

कसले उघडतात. अलिबागच्या डॉक्टरनं वहिनीला तपासून सांगितलं, हिच्यात दोष नाही, नवऱ्याला घेऊन या.

"मला काय धाड भरलीय?" दादा म्हणाला. महिन्याभरात वहिनीला चौलला माहेरी पोचवलं आणि दुसरी बघितली. कायदा आड येत होता, पण विचारतो कोण?

जाताना वहिनी म्हणाली, "वन्सं, भोपळे तेवढे बघा." मला तिच्या गरीबपणाचाही संताप आला. ते भोपळे दुसरीच्या लग्नाच्या पंगतीत वाढले.

दुसरीचाही पाळणा हलला नाही. एका सकाळी आई तिला सांगत होती, "वेलाला हात लावू नको गो." दादा ओटीवर भजी खात बसला होता. मी त्याच्यापुढची बशी उचलून अंगणात भिरकावली आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता तरी डॉक्टरकडे जा."

दादानं मान वर केली नाही. आईनं कढई पुन्हा चुलीवर ठेवली.