लाकडाचे शेपूट आणि माझा पहिला पूल

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या गावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींचे. घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते आणि वडिलांना मी धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात, राबायला हवा होतो. गुरुजी तीनदा घरी आले, तेव्हा कुठे वडील म्हणाले, "न्या, तुमचाच आहे." गुरुजी कोणतीही वस्तू कागदावर काढायच्या आधी ती पुठ्ठ्याची नाहीतर मातीची करायला लावत. हात लागल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही, असे ते म्हणत.

इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी नोकरीला लागलो, ती एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली वर्षे. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाताना एका नाल्यावर सागवानी पूल बांधायचे काम मिळाले. माझा पहिलाच पूल. वजन, पाण्याचा जोर, गाडीची रुंदी, सगळे गणित दोनदा तपासले. पूल देखणा झाला.

पहिली लाकूडगाडी आली. गाडीमागे सागाचा ओंडका पंधरा फूट बाहेर आलेला. पलीकडे टेकडीचा खडक असल्यामुळे रस्ता पूल संपताच डावीकडे वळत होता. बैल वळले आणि ओंडक्याचे टोक उजवीकडे फिरले. कठड्याचे दोन खांब कडकड मोडून नाल्यात पडले.

त्या गाडीचे म्हातारे गाडीवान, सगळे त्यांना भाऊ म्हणत, खाली उतरले, त्यांनी मोडके खांब पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पूल तं बेस बांधला. पण लाकडाले शेपूट असते, थे काऊन नाई मोजलं?"

मागच्या गाड्यांवरचे गाडीवान हसले. हसण्यासारखेच होते. पुस्तकातली गाडी मी मोजली होती, इथली नाही.

वरिष्ठ साहेबांनी निरोप पाठवला, की आठ दिवसांत गाड्या सुरू करा, नाहीतर कठडा काढून टाका. पावसाळ्याआधी लाकूड निघायलाच हवे होते. पण आठवडी बाजाराला डोक्यावर मोहाच्या टोपल्या घेऊन बाया याच पुलावरून जात. बिनकठड्याचा पूल मला माझा म्हणवला नसता.

मग डाकबंगल्याच्या ओसरीवर मी काड्यापेटीची गाडी केली, तिला पेन्सिलीचा ओंडका बांधला, चिखलात काड्या रोवून कठडा उभा केला आणि त्या म्हाताऱ्या भाऊंना बोलावले. माझे हाकणे बघून त्यांना राहवले नाही. "सरका, तुमचे बैल रानात जाऊन राह्यले," म्हणत त्यांनी पेटी हातात घेतली आणि तोंडाने बैलांना हाका देत वळण घेतले. प्रत्येक वेळी त्याच काड्या पडत, फक्त शेवटच्या. म्हणजे अडचण सगळ्या कठड्याची नव्हतीच.

तेवढा तुकडा मी दोऱ्याने फाटकासारखा टांगला. पेन्सिलीने ढकलताच तो बाहेर उघडला आणि उघडाच राहिला.

"अन् बाई पडली तं?" भाऊ म्हणाले.

मी बिजागरीची काडी थोडी तिरपी केली. फाटक उघडताना वर चढले, पेन्सिल सरकताच स्वतःच्या भाराने खाली येऊन बंद झाले. भाऊंनी पुन्हा गाडी नेली. मग पुन्हा. आम्ही दोघे अर्धी सकाळ तेच खेळत बसलो, आणि या खेळाचा मला पगार मिळतो हे खरे वाटेना.

सहाव्या दिवशी खरे फाटक बसले, सागाचे, चांगले जड. सातव्या दिवशी भाऊंनीच पहिली गाडी आणली. ओंडक्याने फाटक नाल्यावर ढकलले, गाडी वळली, फाटक मागे येऊन अडणीच्या खांबावर धप्पकन टेकले. मग भाऊ मागच्यांना म्हणाले, "या रे आता, शेपूट घेऊन या."

त्याच संध्याकाळी मी गुरुजींना पत्र लिहिले. त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे.

"तीर्थस्वरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार. माझा पूल आज चालू झाला. अकरा गाड्या गेल्या, एकही खांब मोडला नाही. बाजाराच्या बाया त्या फाटकाला टेकून उभ्या राहिल्या, ते हलले नाही. वरिष्ठ साहेब परवा येत आहेत, पण त्यांची भीती उरलेली नाही. आपण सुटीत यावे, मी गाडी पाठवीन. आल्यावर ते फाटक स्वतः ढकलून बघावे. दोन्ही हातांचा जोर लागतो. कोणी बघत नसले की मीही ढकलतो, आणि ते परत येईपर्यंत तिथेच उभा राहतो."