बिनशब्दांची पानं

भाऊ डायलिसिसला जायचं नाही म्हणाला, त्या सोमवारी मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या भाभी गच्चीवरून डोकावल्या. माझा स्वभावच तसा आहे. लखनऊतल्या जानकीपुरमच्या त्या गल्लीत भांड्यांची आदळआपट ऐकू आली की लोक समजतात, विकास नगरवाली लेक माहेरी आलेली दिसते. त्या दिवसांत तर मी माहेरीच मुक्काम ठोकला होता. घरात आमची म्हातारी आई आणि हा माझा धाकटा भाऊ, दोघंच.

चाळिशीतच शुगरने आधी त्याचे डोळे नेले आणि मग किडन्या. समोर कोणी हललं तर सावली हलल्यासारखी कळायची, एवढीच नजर उरली होती. नोकरी गेली होती. लग्न त्याने होऊ दिलं नव्हतं. किडनी माझी घ्या म्हटलं, तर डॉक्टरांनी माझेच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवले. शुगर मलाही आहे. मग उरलं ते मशीन. एक दिवस आड जायचं, दंडात सुया टोचून घ्यायच्या, अर्धा दिवस तिथे पडून राहायचं, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसापर्यंत ओकत बसायचं. हे दोन वर्षं चाललं होतं.

"ताई, अब बस. थक गया हूँ यार," तो म्हणाला. तो लखनऊतच वाढला, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"थकलास म्हणे! आणि बंद केल्यावर काय होतं ते माहीत आहे ना?"

"डॉक्टर ने बताया है. हफ़्ता, दस दिन." पाण्याचा टँकर कधी येणार ते सांगावं तसं तो म्हणाला.

मी हरप्रकारे प्रयत्न केले. डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाशी धरला. त्याच्या ऑफिसातला जुना मित्र बोलावला. विहारातून भंतेजींना आणलं, म्हटलं त्यांचं तरी ऐकेल. भंतेजी त्याच्या खाटेशी बसले, त्याचा हात हातात घेतला, चहा प्यायले आणि काही न बोलता गेले. मला त्यांचाही राग आला. आई रडून रडून दमली. मला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, आणि गुरुवार जवळ येत होता. मंगळवारची पाळी चुकलीच होती; गुरुवारही चुकवला तर श्वास घेणं जड जाईल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

बुडत्याला काडीचा आधार. माझी काडी म्हणजे एक कॉमिक्स होतं.

आमचे बाबा हवाई दलात होते, आणि आमचं लहानपण लखनऊबाहेरच्या बख्शी का तालाबच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाजाराच्या तोंडाशी एक माणूस सुतळीवर कॉमिक्स टांगून भाड्याने द्यायचा. सकाळी न्यायचं, संध्याकाळी परत. बाबा अमरावतीकडचे. त्यांचा दंडक असा की, दाराबाहेर काय बोलायचं ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. कॉमिक्स तर सगळी हिंदी! त्यावर तोड निघाली ती अशी की, घरात आणलं तर मराठीतून मोठ्याने वाचायचं. ते काम माझं. एक डोळा हिंदीवर ठेवून तोंडाने मराठी. दूरच्या ग्रहावरून आलेला खलनायक आमच्या घरी "थांब बे, कुठं पळून राहिला!" असं अस्सल वऱ्हाडीत गरजायचा, आणि बाबा पेपराआड तोंड लपवून हसायचे. भाऊ तेव्हा अक्षरओळखही नसलेला. तो माझ्या काखेत डोकं खुपसून चित्रं बघायचा.

त्यातली एक मालिका आम्ही डोक्यावर घेतली होती. चार भाग होते. मुखवटा घातलेला एक वीर साऱ्या शहराला वाचवत असतो, आणि दर वेळी वाचवताना त्याची ताकद थोडी थोडी संपत जाते. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो नदीच्या पुलाजवळ कोसळतो. चौथ्या भागात त्याची बहीण धावत येते आणि ओरडते, उठो भैया! आणि तो उठतो. मग काय, शत्रूची दाणादाण! आमच्याकडे बहीण अर्थात मी. खाटेवर उभी राहून मी "ऊठ दादा, ऊठ!" म्हणून किंचाळायचे, आणि फरशीवर मरून पडलेला माझा धाकटा दादा, गळ्यात चादर बांधलेला, ताडकन उठायचा. एकदा म्हणून चुकला नाही.

हल्ली त्या चारही भागांचं मिळून एक जाडजूड पुस्तक निघालं आहे, गुळगुळीत कागदावर. माझ्या मुलीने ते मोबाइलवर शोधून मागवून दिलं. माझा बेत सरळ होता. बुधवारी तीन भाग वाचायचे आणि चौथा गुरुवारी सकाळी, ई-रिक्शा यायच्या आत. "ऊठ दादा" ऐकलं की हा उठणार. पन्नाशी उलटलेल्या बाईचा हा बेत! पण तेव्हा तो मला बिनतोड वाटला होता.

तो ऐकायला तयार झाला, याचंच मला आधी नवल वाटलं. "पढ़," तो म्हणाला. "पर मराठी में. और पूरी पढ़ना."

इतक्या वर्षांनी वाचताना पुष्कळ गोष्टी खटकल्या. खलनायक अगदीच बावळट. पोलीस नेहमी वरातीमागून घोडं. वीर कधी जेवताना दिसत नाही, झोपताना दिसत नाही. शहरातला जो तो त्याच्या नावाने हाका मारतो, आणि काम झालं की आपापल्या घरी जातो. पण सगळ्यांत जास्त मला खटकली ती बहीण. लहानपणी मी तिच्यावर जीव टाकायचे. आता बघते तर बाईला चार भागांत दुसरा उद्योगच नाही. यायचं आणि ऊठ म्हणायचं. भावाच्या अंगावर हे एवढे घाव, आणि एकदाही, दुखतंय का रे, म्हणून विचारत नाही. आपल्याकडे वैरी जरी दारात आला तरी आधी जेवलास का म्हणून विचारतात.

"काय बाई आहे ही!" मी वाचता वाचता थांबून म्हणाले.

भाऊ हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "तेरे जैसी है," तो म्हणाला.

मी त्याच्या दंडावर चापट मारणार होते, पण तिथे सुयांच्या गाठी होत्या. हसला म्हणजे निम्मं काम झालं, असं धरून मी पुढे वाचत सुटले.

गुरुवारी सकाळी आईची वंदना आटोपली तेव्हा मी चौथा भाग उघडला होता. मे महिन्याचं ऊन सकाळीच खोलीत आलं होतं. रिक्शावाल्याला मी भावाला न विचारताच बोलावून ठेवलं होतं. वीर पुलाजवळ कोसळून पडलेलाच होता. मी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि आवाज चढवला, "तेवढ्यात त्याची बहीण धावत आली..."

"ताई, रुक. बीच में कुछ छोड़ दिया तूने."

"काही नाही रे. नुसतं चित्र आहे. लिहिलेलं काही नाही त्यात."

"वही तो," तो म्हणाला. मग छताकडे तोंड करून, आठवत आठवत नव्हे तर समोर बघत असल्यासारखा, सांगू लागला. "पुल है. नीचे सीढ़ियाँ हैं. वो सीढ़ी पे अकेला बैठा है. मास्क उतार के बगल में रखा है. एक जूता भी उतरा हुआ है."

मी पानं मागे घेतली. दोन्ही पानं भरून एकच चित्र होतं. पूल, पायऱ्या, आणि एकटा बसलेला तो. एक बूट काढलेला. मुखवटा तेवढा बाजूला नव्हता, मांडीवर होता. बाकी सगळं त्याने सांगितलं तसंच होतं.

"तू हर बार पलट देती थी," तो म्हणाला. "मैं तेरा हाथ पकड़ता था, तू झटक देती थी. शाम को वापस करनी होती थी न." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

आणि खरंच होतं ते. वाचणारी मी. ज्या पानावर शब्दच नाहीत, तिथे मी काय वाचणार? माझ्या गोष्टीत तो पडायचा, बहीण यायची आणि तो उठायचा. पडणं आणि उठणं यांच्यामध्ये काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. चित्रं बघणारा तो. दर वेळी या पानावर तो थांबू पाहायचा, आणि मी त्याला ओढत पुढे न्यायचे.

"क्या कर रहा है वो?" त्याने विचारलं.

"बसलाय."

"और?"

"काही नाही. नुसता बसलाय."

"चेहरा कैसा है?"

मी चष्मा लावून पाहिलं. चारही भागांत मुखवट्याविना चेहरा काढलेला तो इथेच. साधा चेहरा होता, दाढी वाढलेली, बँकेच्या रांगेत आपल्यापुढे उभ्या असलेल्या कुणाचाही असेल असा. पुन्हा उठायला जोर गोळा करतोय, असं त्यात काही नव्हतं. कितीही पाहिलं तरी मला ते सापडलं नाही. मी शोधत होते, खोटं कशाला बोलू.

"दमलाय," मी म्हणाले. "फार दमलाय रे तो."

खाली ई-रिक्शाचा हॉर्न वाजला. पाठोपाठ माझा फोन वाजला. ऊठ हा शब्द माझ्या ओठांवर तयारच होता. भावाने चाचपत माझं मनगट धरलं.

"ताई, मला आता बसू दे ना गं," तो म्हणाला. मराठीत म्हणाला. बाबा गेल्यापासून त्याच्या तोंडून मराठी वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मला त्याचा राग आला, आईला माझ्या गळ्यात टाकून चाललास म्हणून राग, तुझ्यामागे मला लहानपणची आठवण करून द्यायला कोण आहे म्हणून राग. तो राग अजून गेलेला नाही. मी रडत होते आणि त्याला ते दिसत नव्हतं, तेवढंच बरं होतं. हॉर्न पुन्हा वाजला. मी बरं म्हणाले. 

खाली गेले. "आज नहीं जाना, भैया."

"तो शनिवार को आऊँ, दीदी?"

"नहीं. शनिवार को भी नहीं."

त्याने वर खिडकीकडे पाहिलं, मान हलवली आणि रिक्शा वळवून नेली.

डॉक्टरांना मी फोन केला. ते भावाशी बराच वेळ बोलले, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिले, आणि तो शांतपणे उत्तरं देत राहिला. मग मला म्हणाले, त्रास होऊ नये म्हणून औषधं लिहून देतो, घरी येऊन जाईन.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तू हो म्हणालीस?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्याच्यानं नसतं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती माठाकडे गेली होती. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत म्हणून दोन वर्षं त्याला पाणी मोजून मिळत होतं, दिवसाला एक लहान बाटली, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. लखनऊच्या लूमध्ये, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यात, तो जिभेखाली बर्फाचा खडा धरून दिवस काढायचा. आई स्वतः पाणी प्यायची ती मोरीचं दार लावून, त्याला पेल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. आज ती माठातलं गार पाणी घेऊन आली, मोठा पितळी पेला, काठोकाठ. त्याच्या दोन्ही हातांत तिने तो दिला आणि वरून स्वतःचे हात धरले.

त्याला वजनावरूनच कळलं. "पूरा है?"

"पूर्ण आहे. पी."

तो थांबत थांबत प्यायला. हनुवटीवरून पाणी ओघळलं, गंजी भिजली. शेवटचा घोट झाला तरी त्याने पेला ओठांपासून काढला नाही. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"आणखी देऊ का रे?" तिने विचारलं.