लॉकिंग सर

सरांविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरतीच. त्यांना माझ्याहून जास्त ओळखणारे असतील. पण अजून कोणी लिहिलं नाही म्हणून हे धाडस. चुकलं तर माफ करावं.

पातळ वस्तू दिसली की सर ती वाकवून बघायचे. कॅन्टीनची ताटली, पिंपाचं झाकण, काहीही. दाबायचे, सोडायचे आणि कान लावायचे. गोंदियाच्या राइस मिलमध्ये तांदूळ चाळणारा पत्रा दिवसभर थरथरतो आणि शेवटी तडकतो. तो कुठे तडकेल हे आधी कळावं, एवढंच सरांना हवं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये पत्र्याचे लहान लहान त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येकाचा ताण आणि कंप मोजायचा. अशा तुकड्याला एलिमेंट म्हणतात. सर स्वतःचा नवा एलिमेंट घडवत होते. तीच त्यांची पीएचडी.

पण पत्रा पातळ केला की तो एलिमेंट वाकायचाच नाही, दगडासारखा ताठ व्हायचा. या दोषाचं नाव लॉकिंग. म्हणून ते आमचे लॉकिंग सर. एकदा कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, "सर, किल्ली सापडली का?"

"कुलूपच मी बनवलं ना बे," सर चहा फुंकत म्हणाले. "किल्लीवाल्याले कायले दोष देऊ?"

नवेगाव बांधहून होस्टेलवर आलो तेव्हा मला करमत नव्हतं. सरांनी लॅबमध्ये जवळ बसवलं. "हा त्रिकोण पाह्य. न वाकवता उचलला आन तिकडं ठेवला. ताण आला?"

"नाही सर."

"यायलेच नाही पाहिजे. आला तं मी चुकलो." मग म्हणाले, "माणसाचं तसं नाही राहत. जाय, घरी फोन लाव."

विभागप्रमुख हिंदीत वैतागायचे, "बना-बनाया सॉफ्टवेअर है, क्यों दिमाग खराब करते हो?"

"वो जवाब देता है सर. क्यों देता है, नहीं बताता."

मार्गदर्शकांनीही सांगितलं, जुनाच एलिमेंट घ्या आणि प्रबंध देऊन टाका. सरांनी ऐकलं नाही. विद्यापीठाची मुदत संपली. पीएचडी नाही म्हणून कॉलेजने त्यांचं शिकवण्याचं कंत्राट वाढवलं नाही.

चिचगडला, आपल्या गावी निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला होता. "सर, आता हे कोणासाठी करणार?" मी विचारलं.

"मिली बंद झाल्या का बे? पत्रे तडकूनच राह्यले ना."

पुढे मी नागपूरला शिकायला गेलो. फोनवर विचारायचो, "वाकला का सर?" ते म्हणायचे, "वाकून राह्यला, थोडा थोडा." यंदा पावसाळ्यात त्यांचा फोन लागेनासा झाला.

दिवाळीत लागला, तो त्यांच्या भावाने उचलला. ताप डोक्यात गेला होता. देवरीच्या दवाखान्यात नेता नेता, पोळ्याच्या सुमारास सर गेले. भाऊ म्हणाला, "आदल्या हप्त्यात दादा लय खुश होता. आईले सांगे, झालं म्हणे, वाकला म्हणे. काय वाकला ते आमाले नाही समजलं."

मी कॉम्प्युटरचं विचारलं.

"माह्या पोरीले देला जी, शाळेच्या अभ्यासाले. दुकानात नेऊन जुनं सगळं काढून टाकलं. जागाच नव्हती त्याच्यात."