रेघेपर्यंत पाणी

नव्वदच्या दशकात मी आखाडा बाळापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात खिडकीवर औषधं द्यायचो. रांग दुपारपर्यंत हटायची नाही. एकच गोष्ट पन्नास जणांना सांगून डोकं उठायचं. पुढे पुढे मी माणसांच्या तोंडाकडे बघणंच सोडलं होतं. पातळ औषधाला बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची, कारण आमच्याकडे त्या कधी पुरल्याच नाहीत.

तांड्यावरची एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी दर महिन्याला फिटचं औषध न्यायची. ते एलिक्सिर होतं. लाल, गोड, थोडं अल्कोहोल असलेलं. त्या अल्कोहोलमुळेच औषध विरघळून राहतं, बाटली हलवावीही लागत नाही. मुलीच्या फिट थांबल्या होत्या. ती शाळेत जायला लागली होती.

मग एक महिना बाई आलीच नाही. पुढच्या महिन्यात आली ती मुलीला खांद्यावर टाकून. चुलीपाशी बसलेली असताना मुलीला फिट आली होती आणि हात कोपरापर्यंत भाजला होता. बाईनं दाखवलेली बाटली जवळजवळ भरलेली होती. रंग पार उडालेला, तळाशी पांढरा साका.

मी सगळ्या रांगेदेखत तिच्यावर ओरडलो. "औषध काहून दिलं न्हाई? लेकराच्या जिवावर उठलीस का?"

"रोज दिलं, साहेब. एक दिवस चुकवलं न्हाई."

"मग संपलं काहून न्हाई?"

"तुमीच सांगितलं व्हतं की. पानी उकळायचं, गार करायचं अन् रेघेपर्यंत घालायचं. औषध खाली गेलं की घालून राहिले."

मी बाटली फिरवली. काचेवर रेघ होती. तिच्या धाकट्याच्या खोकल्यासाठी मी पूर्वी पावडरचं औषध दिलं होतं, त्याची ती बाटली. तेव्हा पाण्याचं मीच सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी फिटच्या औषधाला नेहमीच्या बाटलीऐवजी तीच बाटली धुऊन तिनं आणली आणि मी न बघता तीत एलिक्सिर ओतलं. पाणी वाढलं, औषध तळाशी बसलं, आणि ती मुलीला नेमानं वरचं गोड पाणी पाजत राहिली.

मी दुसऱ्या बाटलीत औषध दिलं आणि यात पाणी घालू नका म्हणालो.

"माझंच चुकलं, साहेब," ती म्हणाली.

मी पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली. रांग मोठी होती, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.