माझा प्रबंध आणि दिराची स्थळं

कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी माणसानं सासरची माणसं मोजून घ्यावीत, असं माझं अनुभवांती बनलेलं मत आहे. ते किती वेगानं चालतं, मराठी अक्षरं नीट उमटवतं का, वगैरे गोष्टी नंतरही बघता येतात.

मी बारामतीला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. इंदापूर तालुक्यातले फळबागायतदार आपला माल कुठल्या बाजारात न्यायचा हे कसं ठरवतात, या विषयावर माझी पीएच.डी. चालू होती. चालू म्हणजे आमच्या घरासमोरच्या रस्त्याचं काम चालू असतं तशी! मुदतवाढ मागून मागून विद्यापीठातल्या क्लार्कला माझा आवाज पाठ झाला होता. शेवटी त्यांनी स्पष्ट कळवलं की, आता मुदत नाही. प्रबंध जमा करण्याआधी समितीसमोर जे सादरीकरण करावं लागतं, ते या खेपेला पार पडलं नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे भर उन्हात कळस-कळंबच्या बांधांवर बसून बागायतदारांना विचारलेलं सगळं पाण्यात जाणार होतं.

आमचे हे, म्हणजे प्रमोद, लोणी देवकरच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीला सिस्टीम लागते. (आमच्या फ्रिजमधल्या कोथिंबिरीच्या डब्यावरही तारखेची चिठ्ठी असते.) माझे संशोधनाचे कागद मात्र निम्मे मेलमध्ये, निम्मे पेनड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्याच्या झाकणावर, अशी परिस्थिती होती.

"तुझं चुकतं कुठं सांगू का?" प्रमोद म्हणाले.

"नको," मी म्हणाले.

"अभ्यास आहे, पण टूल्स नाहीत!"

मग एक आख्खा रविवार त्यांनी सॉफ्टवेअर निवडण्यात घालवला. (स्वतःच्या लग्नासाठी मुली बघतानासुद्धा यांनी एवढी चौकशी केली नव्हती. माझ्या बाबतीत तर चहा संपायच्या आत होकार दिला होता. आणि आता म्हणे टूल्स!) अखेर निवड झाली. ठरलेल्या फोल्डरमध्ये कुठलीही फाइल टाकली, की हे सॉफ्टवेअर ती आपोआप वाचणार. लेखक कोण, साल कुठलं, शीर्षक काय, सगळं स्वतःच ओळखणार. आपण लिहिताना नुसतं आडनाव टाइप करायचं, खाली नावं येतात, त्यातलं हवं ते निवडायचं. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची तयार!

"एवढं हुशार असेल तर तोंडी परीक्षेलाही यालाच पाठवू," मी म्हणाले. ते हसले नाहीत. सिस्टीमची चेष्टा त्यांना चालत नाही.

आता या फोल्डरसाठी इंटरनेटवर थोडी जागा विकत घ्यावी लागली आणि तिथंच घात झाला. माझ्या सासरी, कळसला, विहीर भावकीत आहे आणि पाणी पाळीनं मिळतं. ट्रॅक्टर चुलत्यांत आहे. फवारणीचा पंप तर कुणाचा आहे हे आता कुणालाच आठवत नाही. अशा घरात विकत घेतलेली जागा एकटी सून वापरणार, ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच बसत नाही. प्रमोदनी मला न विचारता त्या फोल्डरची किल्ली धाकट्या भावालाही देऊन टाकली.

हा धाकटा भाऊ म्हणजे माझे दीर, सचिनभाऊजी. शेतीची पदवी घेतलेले, देखणे, डाळिंबाची बाग अशी राखलेली की बघत राहावं. फक्त लग्न जमत नव्हतं. मुलीकडची माणसं बाग बघून खूश व्हायची आणि बागायतदार बघून परत जायची. 'नोकरीवाला असता तर' हे वाक्य ऐकून ऐकून माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, डोकं फिरलं होतं. त्यामुळे पाहुण्यापाहुण्यांतून स्थळांचे बायोडाटा येऊन भाऊजींच्या मोबाइलमध्ये पडत राहायचे.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "वैनी, मोबाइल पार भरला की वो! निसती स्थळंच हायती. तेल्या रोग पडलेल्या डाळिंबाचा फोटो काढावा म्हटलं तर जागा न्हाय."

"मग त्या फोल्डरमध्ये टाका ना, भाऊजी." (हे वाक्य मी बोलले, असं भाऊजी म्हणतात. माझ्या काही ते स्मरणात नाही.)

प्रमोदच्या सिस्टीममध्ये त्या फोल्डरच्या आत आणखी दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'महत्त्वाचे', दुसऱ्याचं 'इतर'. माझं संशोधन 'महत्त्वाचे'मध्ये होतं आणि सॉफ्टवेअर तेवढंच वाचायचं. भाऊजींनी स्थळंही तिथंच टाकली. पुढं मी जाब विचारला तेव्हा त्यांनी मलाच ऐकवलं, "लगीन काय 'इतर'मदी टाकू व्हय?"

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण प्रमोदनी आईलाही टूल्स शिकवली होती! मोबाइलपुढं बोललं की तो लिहितो, हे कळल्यापासून आत्यांना हुरूप आला होता. भाऊजी बायोडाटा वाचून दाखवायचे, आत्या भाकरी थापता थापता मोबाइलला आपलं मत सांगायच्या आणि ते मत त्या फाइलला टीप म्हणून चिकटायचं. मला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. मी इकडं बारामतीत बसून गाइडांच्या शिव्या खात होते.

"मॅडम, संदर्भ किती जुने?" गाइड सर कागद नाचवत म्हणाले. "जगताप, १९८४! शिंदे, १९७९! यातले किती लेखक हयात आहेत? ताजे संदर्भ घाला."

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? मी घरी आले, 'जगताप' टाइप केलं. खाली दोन नावं आली, एक १९८४ आणि एक १९९८. ताजा हवा म्हणून मी १९९८ निवडला. शिंदेंमध्ये १९७९ होते आणि २००० होते. मी २००० घेतले. काळे घेतले, भोसले घेतले, जे जे ताजं दिसलं ते ते घेतलं. एवढ्या नव्या मंडळींनी फळबाजारावर एवढं लिहून ठेवलंय आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणून मला क्षणभर लाजही वाटली. गाइड सरांनी नव्या संदर्भसूचीची जाडी बोटानं चाचपली आणि "आता कसं!" म्हणाले. वाचली त्यांनीही नाही. आपोआप तयार झालेली वस्तू कोण वाचतं?

सादरीकरणाचा दिवस आला. अध्यक्ष म्हणून एक शांत मॅडम होत्या आणि दुसऱ्या कॉलेजातून तज्ज्ञ म्हणून जगताप सर आले होते. जगताप सरांनी माझ्या पहिल्याच स्लाइडवर बोलायला सुरुवात केली आणि डाळिंबावरून द्राक्षावर, द्राक्षावरून केळीवर येईपर्यंत श्वास घेतला नाही. अध्यक्ष मॅडम दोनदा खोकल्या. मी सुखावले होते. परीक्षकच बोलत असला की उमेदवाराला कमी बोलावं लागतं!

शेवटी माझा मुख्य निष्कर्ष पडद्यावर आला. 'बाजारपेठ निवडताना बागायतदार भावापेक्षा विश्वासाला अधिक महत्त्व देतो (जगताप, १९९८).'

सर एकदम ताठ बसले. "हे जगताप कोण?"

"या क्षेत्रातलं मोठं नाव आहे, सर," मी ठोकून दिलं.

"मी याच विषयात केस पांढरे केले. माझ्या आडनावाचा माणूस, आणि मला माहीत नाही? सूची दाखवा बघू."

मी मोठ्या आत्मविश्वासानं सूची उघडली. 'ज' यायच्या आधी 'क' येतो, हे मराठी वर्णमालेचं माझ्यावरचं वैर म्हणायला हवं. पडद्यावर ठसठशीत अक्षरांत उमटलं:

'काळे, स्नेहल (१९९९). ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. कळंब. टीप: उंची लई हाय. सचिन शेजारी बारका दिसंल.'

मी घाईघाईनं पान खाली सरकवायला गेले, तर ते एकदम 'श'वर जाऊन थांबलं.

'शिंदे, प्राजक्ता (२०००). ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. इंदापूर. टीप: शेतकरी नवरा नको म्हणत्यात. आमाला तरी कुठं पायजे!'

अध्यक्ष मॅडमनी चष्मा पुसला. "मॅडम, एक शंका आहे. या सगळ्या लेखिकांच्या पुस्तकाचं नाव एकच कसं?"

मी गाइड सरांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते. बंद पंख्याकडे!

"जगताप दाखवा," सर म्हणाले.

"सर, ते नंतर मेल करते..."

"आत्ता दाखवा!"

दाखवलं. दुसरं काय करणार?

'जगताप, ऋतुजा (१९९८). ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. बारामती. टीप: पोरगी गुणाची वाटती. पण बाप फार बोलतो. फोनवर त्यानं सोडलंच न्हाय, माजी भाजी करपली.'

त्या दिवसात पहिल्यांदाच जगताप सर गप्प झाले. त्यांचे कान लाल झालेले मला लांबून दिसत होते. मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला: सॉफ्टवेअरनं भाऊजींची स्थळंही जन्मसालासकट वाचून काढली होती. समोर बसलेला माणूस माझ्या संदर्भाचा बाप होता!

"दुरुस्त करून परत या," अध्यक्ष मॅडम एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. परत यायला मुदत होती कुठं?

घरी आल्यावर मी जो आवाज लावला तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला. प्रमोद म्हणाले, "सिस्टीम बरोबरच होती. तू इनपुट तपासलं नाहीस." असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीचा डबा उघडला, तारीख वाचली आणि पुन्हा बंद केला. या माणसाबरोबर मी संसार करते आहे! कळसला फोन लावला तर आत्या वरताण.

"आत्या, अहो सगळ्यांच्या समोर बाप फार बोलतो असं वाचलं त्यांनी!"

"मग, खोटं हाय का?"

"तुमच्या भाजीपायी माझी पीएच.डी. गेली!"

"भाजी करपली तवा मी किती रडली? गप मिरची कुटली नि ठेचा केला. तूबी काय तरी कर."

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. जगताप सर! मी उभी राहूनच बोलले.

"मॅडम, तुमच्या सासूबाईंचा नंबर होता माझ्याकडे. लावला आत्ता. मी म्हटलं, मी जगताप, फार बोलणारा. तर त्या म्हणाल्या, थांबा, गॅस बंद करून येती. मग आम्ही बोललो. अहो, त्या माझ्यापेक्षा जास्त बोलतात! फार छान बाई आहेत. या रविवारी आम्ही बाग बघायला येतोय."

"आणि माझं सादरीकरण, सर?"

"त्याचं नंतर बघू."

बघायला म्हणून आले आणि ठरवूनच गेले. ऋतुजाला बाग आवडली, भाऊजी आवडले आणि आत्यांच्या टिपा तर इतक्या आवडल्या की तिनं बाकीच्या मुलींच्याही वाचायला मागितल्या. साखरपुड्यात प्रमोद प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "हे सगळं सॉफ्टवेअरनं जुळवलं बरं का!" मी पेढे वाटत होते आणि आतून धुमसत होते. ज्यासाठी ते घेतलं ती मी तिथंच, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांची कामं फत्ते!

आता व्याहीच झाले म्हटल्यावर माझा कागद हलेल, अशी माझी एक भाबडी समजूत होती. पण जगताप सर तत्त्वाचे निघाले. "आता मी तुमचा नातेवाईक. नातेवाईकानं समितीवर बसू नये, असा नियम आहे. मी राजीनामा दिलाय." समिती मोडली. नवी समिती बसेपर्यंत माझी नोंदणी तशीच जिवंत ठेवणं विद्यापीठाला भाग पडलं. म्हणजे माझी पीएच.डी. दिराच्या लग्नानं बुडता बुडता वाचली, आणि वाचून पुन्हा लांबली. यावर रागवायचं की आनंद मानायचा हे मला कळेना. मी रागावले.

लग्न झालं. एका रविवारी कळसच्या स्वयंपाकघरात ऋतुजा आणि मी दोघी जावा बसलो होतो. ती फसलेली प्रत तिनं माझ्याकडून हट्टानं मागून घेतली होती. शेंगा सोलायच्या सोडून बाई प्रबंध वाचत बसल्या होत्या.

"वहिनी, हे बाजार निवडण्याचं पान... यातली जगताप म्हणजे मीच ना?"

"हो गं बाई. किती वेळा हसशील?"

"हसत नाहीये. पण मी असं कधी म्हटलं? भावापेक्षा विश्वास?"

"अगं, तू नाही, ते चौऱ्याऐंशी सालचे..."

"पण इथं माझं नाव आहे ना? मग मला विचारायचं तरी!" ती गंभीर झाली. "हे आणि मी रोज संध्याकाळी चार बाजारांचे भाव विचारतो आणि जिथं जास्त तिथं माल जातो. शेजारचे सगळे तसंच करतात. तुम्ही बांधावर जाऊन विचारलंत, चहा प्यायलात, म्हणून ते विश्वास म्हणाले असतील. पाहुण्या बाईसमोर भावाचं कोण बोलतंय?"

चुलीपाशी बसलेल्या आत्यांनी मान डोलावली. "खरं हाय तिचं."

जगातल्या कुठल्याही संशोधकाचा संदर्भ असा शेंगा सोलत समोर बसून उलटला नसेल! मी लॅपटॉप उघडला आणि मुकाट्यानं निष्कर्षाचं शेवटचं प्रकरण पुसायला घेतलं.