भुंकल्याचा तुकडा

"कुठंय माझा राजा?"

वाळूजच्या कंपनीतून आलेला सोनाजी दारात बूट काढता काढता रोज हीच हाक मारायचा. सहा महिन्यांपूर्वी याच दारात, याच बुटांच्या नाड्या सोडताना तो म्हणायचा, "माय, च्या घेतला का?" हा फरक कधी पडला ते सखूबाईला वारासकट सांगता आलं असतं. ज्या बुधवारी तो शहागंजातून लाल पट्टा आणि त्या पट्ट्यातलं तांबूस पिल्लू घेऊन आला, त्या बुधवारपासून चहाचं विचारणं बंद झालं.

पिल्लाचं नाव नवाब. नाव सुनेनं ठेवलं आणि मग घरानं ते खरंच करून दाखवलं. पंख्याखालची जागा त्याची. अंगाखाली गोधडी, तीही सखूबाईनं सोनाजीच्या जन्माच्या वेळी शिवलेली.

"द्वारके, ती गोधडी माझ्या पोराची हाय."

"पोरानंच दिली ना त्याला, आत्या."

द्वारका सून होती आणि भाचीही, भाऊ मुंजाबाची लेक. उलट बोलायचा तिला दुहेरी हक्क होता.

सखूबाईचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. सोयगावच्या डोंगरापासून गंगापूरच्या उसापर्यंत दरसाल पायी चालणं. सोनाजी त्याच वाटेवर एका बाभळीखाली जन्मला. कुत्री तिनं किती पोसली, मोजदाद नाही. पण ती काटेरी कुंपणाशी झोपायची आणि आपला तुकडा कमवायची. रानात खसफसलं, कुत्रं भुंकलं, की भाकरीचा तुकडा. गप बसणाऱ्याला तुकडा नाही, कारण कुत्रं गप बसलं की सकाळी दोन मेंढरं कमी भरायची. धनी गेला, मेंढरं विकली, सोनाजीनं तिला सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर आणलं. पायांची चालायची सवय सुटली. हाताची सवय राहिली.

म्हणून पिल्लू पहिल्यांदा कुकरच्या शिट्टीवर भुंकलं तेव्हा भाकरी थापणाऱ्या सखूबाईच्या तोंडून आपसूक निघालं, "शाब्बास रं!" आणि तुकडा त्याच्यापुढं पडला. मग मिक्सर फिरला. बेल वाजली. ताट पडलं. आवाज, भुंकणं, तुकडा. महिन्याभरात नवाब कपाटाचं दार करकरलं तरी घर डोक्यावर घेऊ लागला.

खालच्या मजल्यावरचे नानासाहेब, निवृत्त मास्तर, एक दिवस वर आले.

"सोनाजी, तुमच्याकडं डाळ शिजली की आख्ख्या बिल्डिंगला कळतं."

"लहान हाय हो नाना अजून."

"माझं ब्लडप्रेशरही एकदा लहान होतं. ऐतवारपर्यंत बघा. नाहीतर हे कुत्रं इथून हलवा म्हणून सोसायटीत अर्ज देतो."

सोनाजीनं मोबाइलमध्ये बघून बघून उपाय केले. दटावलं, पाण्याची पिचकारी मारली, टीव्ही मोठ्यानं लावला. द्वारकेनं डाळ उघड्या पातेल्यात शिजवली, तर नवाब झाकणाच्या खडखडीवर भुंकला.

सखूबाईला मात्र दुसऱ्याच दिवशी उमगलं. आवाज झाला की कुत्रं आवाजाकडं बघतच नव्हतं, तिच्या हाताकडं बघत होतं. हात आवरला असता तर आठ दिवसांत गप झालं असतं. असली बिघडलेली कुत्री तिनं डोंगरात कैक सुधारली होती. सांगावं असं तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण तेवढ्यात सोनाजी कामावरून आला, फरशीवर बसकण मारून त्यानं नवाबाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानामागं खाजवत म्हणाला, "दमलास का रे दिवसभर?"

सखूबाईचे गुडघे दिवसभर ठणकत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं तुकड्याला तूप लावलं आणि कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसली.

शनिवारी सोनाजी ताटावर बसून म्हणाला, "मामांना फोन केला. उद्या नेतील त्याला गंगापूरला."

"बरं केलं," सखूबाई म्हणाली. "मोकळं रान हाय तिथं."

सोनाजीचा भात तसाच राहिला. कुत्र्यापायी माझ्या पोराची भूक गेली, असं म्हणत तिनं ताट उचललं, आणि आपण हे कुणाला सांगतोय ते तिलाच कळेना.

रविवारी सकाळी मुंजाबा जीपनं आला. बाहेरच्या खोलीत सोनाजी आणि द्वारका नवाबाचं सामान भरत होते. बहीण-भाऊ स्वयंपाकघरात चहाला बसले. मुंजाबानं एकवार कुत्र्याकडं पाहिलं, एकवार बहिणीकडं, आणि मुद्दाम चमचा खाली टाकला. नवाब भुंकला. सखूबाईचा हात पदराखाली सरकला.

"अक्का, हे चमच्याला भुंकंना. तुझ्या हाताला भुंकायलंय."

"येडा हायेस का?"

"माझी मेंढरं अजून हायेत. तुकड्यावरचं कुत्रं वळखू येतं मला." त्यानं वास घेतला. "तूप? पोराला सांगू का?"

"खबरदार!"

"काहून करायलीस गं असं?"

"तुला काय व्हतंय! तुझी लेक तुला चार दिसाला फोन करती. मला या घरात कोन इचारतं? गोधडी त्याची, पंखा त्याचा, पोरगा बी त्याचाच."

मुंजाबानं बशीतला चहा संपवला आणि पट्टा हातात घेतला.

"माय," सोनाजीनं दारातून विचारलं, "गोधडी देऊ का संगं? तुझ्या हातची हाय म्हणून इचारलं."

"दे," ती म्हणाली.

मुंजाबा नवाबाला घेऊन दोन जिने उतरला असेल नसेल, ओट्यावरच्या कुकरची शिट्टी झाली. खालून मुंजाबाची शिवी ऐकू आली. पट्टा हिसकून नवाब वर धावला, नानासाहेबांच्या दारावरून, सोनाजीच्या पसरलेल्या हातांखालून, थेट स्वयंपाकघरात. सखूबाईपुढं एकदाच भुंकला आणि शेपटीनं फरशी झाडत तिच्या उजव्या हाताकडं बघत बसला.

दारात सोनाजीचे हात तसेच पसरलेले.

"माझ्याकडं आलाच नाय," तो म्हणाला.

तो आवाज सखूबाईच्या चांगल्या ओळखीचा होता. सहा महिने तो तिच्याच पोटात बोलत होता.

"कसा यील?" तिनं मूठ उघडली. तळहातावर तुपाचा तुकडा. "मीच लावली ही सवय. आधी चुकून. मग मुद्दाम."

"माय! पाच रात्री झोपलो नाय मी."

"ठावं हाय."

"नाना अर्ज देनार होते."

"ते बी ठावं हाय."

"मग काहून?"

"काहून म्हनं! तू मला च्या इचारीत न्हाईस!"

द्वारकेनं हसू पदरात दाबलं. सोनाजीला हसावं की रागवावं ते सुचेना. धापा टाकत वर आलेला मुंजाबा म्हणाला, "नेऊ का ठिवू? जीप भरली माझी."

"तू जा," सखूबाई म्हणाली. "पुढल्या ऐतवारी ये. तवर गप नाय झालं तर ने."

द्वारकेनं नानासाहेबांकडून आठवड्याची मुदत मागून आणली आणि सखूबाई कुकरशेजारी ठाण मांडून बसली. शिट्टी झाली, नवाब भुंकला: मूठ बंद. दुसरी शिट्टी: पुन्हा भुंकला, मूठ बंदच. तिसऱ्या दिवशी त्यानं भुंकायला आ केला आणि घोटाळून तिच्याकडं पाहिलं. त्या घोटाळण्यावर तुकडा पडला. सातव्या दिवशी तीन शिट्ट्या झाल्या तरी घरात चूं नाही. नानासाहेब काळजीनं वर आले. "आज डाळ नाही का शिजवली? सगळं ठीक ना?"

संध्याकाळी सोनाजी आला. नाड्या सोडत म्हणाला, "कुठंय माझा..." मग थांबून, "माय, च्या घेतला का?"

"घेतला. तुझा झाकून ठिवलाय."

नवाब तिच्या पायाशी बसून मुठीकडं बघत होता. सोनाजीनं चुचकारलं, मांडी थोपटली, नवाब हलेना.

"आता तरी त्याला माझ्याकडं येऊ दे की, माय."

"यील की," सखूबाई म्हणाली, आणि मूठ काही उघडली नाही.